मार्सेलिसच्या जुन्या भागात गाइडबरोबर पायी फिरावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूरहून आई-बाबांना घेऊन फ्रान्सला जातोय, मार्सेलिसला एकच दिवस आहे, तर जुन्या बंदराभोवती गाइडेड वॉक घ्यावा की मोबाइलवर नकाशा लावून आपणच फिरावं?

मीही नागपूरचाच. गाइड घ्याच, असं मी अगदी ठामपणे सांगेन. या शहरात जे समजून घ्यायचं त्यातलं निम्मं आता डोळ्यांना दिसतच नाही.

बंदराच्या उत्तरेकडच्या धक्क्यावर एकसारख्या उंचीच्या नीटस इमारतींची रांग आहे. शहर २६०० वर्षांचं आणि घरं मात्र अलीकडची. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून इथली दाट वस्ती रिकामी केली. २० हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर काढली, शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे धाडलं आणि फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे १५०० इमारती उडवल्या. मोजकीच घरं वाचली. त्यातलं १५३५ चं ओतेल द काब्र नक्की पाहा. युद्धानंतर नवा रस्ता आखताना ते त्याच्या ओळीत बसेना, म्हणून अख्खं घर उचलून ९० अंशांत फिरवलं. कुणी सांगितलं नाही तर आपण त्याच्यापुढून सरळ निघून जातो.

तिथून चढ लागतो तो ल पानिये या जुन्या मोहल्ल्याचा. नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांत आई-बाबा आरामात हिंडत असतील, पण आपलं शहर सपाट आहे. इथे पायऱ्या आहेत आणि चढ छातीवर येतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर गाइडला आधीच सांगा, म्हणजे कमी चढाची वाट धरता येईल. वर व्हिएय शारिते आहे. १६७१ मध्ये बांधायला घेतलेलं हे धर्मादाय निवासगृह खरं तर गरिबांना रस्त्यावरून उचलून कोंडण्यासाठी होतं. चौकाभोवती तीन मजली कमानी आणि मधोमध पिएर प्युजेने आखलेलं घुमटाचं चॅपल. इथे घाई करू नका, बसा थोडं.

शहराच्या जन्माची कथा तर आई-बाबांना फारच आवडेल. आशिया मायनरमधल्या फोसीया गावचे ग्रीक खलाशी इथे उतरले तेव्हा स्थानिक राजाच्या मुलीचं, जिप्टिसचं, स्वयंवर चाललं होतं. तिने पाण्याचा पेला दिला तो पाहुण्या प्रोटिसला. ही दंतकथा झाली, पण ग्रीक तटबंदी आणि रोमन काळातला धक्का खराखुरा आहे. १९६७ मध्ये शॉपिंग सेंटरसाठी खोदकाम करताना तो सापडला. शहराचं इतिहास संग्रहालय त्याच्याच कडेला आहे. सोमवारी तिथली बरीच संग्रहालयं बंद असतात, तेवढा वार टाळा. मिस्त्राल नावाचा वारा सुटला तर ऊन असूनही बोचतं, त्यामुळे उन्हाळा नसेल तर जाकीट ठेवा.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी मारली ती याच शहरात. पोहून किनारा गाठला, पण पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवर झालेल्या त्या अटकेचा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आम्हाला मिळालेल्या गाइडने यातलं काही सांगितलं नाही, तिच्या ठरलेल्या वाटेत ते नव्हतंच. त्या घटनेच्या आठवणीत बंदर पाहायचं असेल, तर एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या जोलिएतच्या गोद्या जुन्या बंदरापासून उत्तरेला, चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. बुकिंग करतानाच लिहून विचारा की शेवट तिकडे करता येईल का. नाही म्हणाले तर फेरी संपल्यावर आई-बाबांना थोडी विश्रांती देऊन तुम्हीच घेऊन जा.