आमच्या मांगं याचं कोन करन?

"मॅडम, आमी गेल्यावर याचं कोन करन?" यवतमाळ जिल्ह्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आई दारात चप्पल काढत असते तेव्हाच मला तो ऐकू येतो. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एका घराचं सांगते.

घाटंजी तालुक्यातलं गाव. मुलगा १७ वर्षांचा, तीव्र बौद्धिक अक्षमता, बोलणं नाही. आंघोळ, जेवण, कपडे, सगळं आईच्या हातानं. "त्याचं मलेच समजते," ती म्हणाली. त्यात थकवा होता, तसा मानही होता. मी एवढंच विचारलं, "काय काय समजतं?"

ती सांगत सुटली. कान ओढला की तहान. दाराशी घुटमळला की पोट दुखतंय. भाकर वरणात चुरूनच, आणि ताट त्याचंच, कडा चेपलेलं. मागच्या कापूसवेचणीत ती मयतीला माहेरी गेली, तर काकूनं वाढलेलं त्यानं दोन दिवस शिवलं नाही. घरानं निकाल लावून टाकला: मायबिगर पोट्टा जगत नाही.

"काकूला ताटाचं माहीत होतं?"

ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "म्यां कोनाले सांगतलंच नाई."

मी यात काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला अनेक वर्षांनी जमलंय. 'कोण करेल' याचं उत्तर माझ्याकडे नसतं. पण जो कोणी करेल, त्याला काय ठाऊक असावं, याचं उत्तर आईकडे तयार असतं. फक्त ते तिच्या डोक्यातच राहतं.

म्हणून वही. शंभरपानी, साधी. आईनं सांगायचं, धाकट्या बहिणीनं लिहायचं. (बहिणीला मी वेगळं बसवून सांगितलं, तू लिहितेस म्हणजे जन्मभर तूच करायचंस असं नाही. 'बहीण पाहील की' असं सगळे म्हणतात, तिला कुणी विचारत नाही.)

दुसरं, न्हाणी. मिसरूड फुटलेल्या मुलाला आईनं अंगणात आंघोळ घालू नये. ते काम बापाकडे गेलं, आडोशाला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, कूड आला. शेवटचा तांब्या मुलानं स्वतः ओतायचा, एवढंच ठरलं. तो जमायला दीड महिना लागला, मग शेवटचे दोन. मी मोठ्या ध्येयांवर विश्वास ठेवत नाही, तांब्यावर ठेवते. शिवाय नको असेल तेव्हा तळहात पुढे करायचा, हेही त्याला शिकवलं. घरच्यांनी तो हात मानायचा, मग ताटात वरण कितीही उरो. घरात ज्याचं 'नको' कुणी ऐकत नाही, त्याला बाहेरच्या चुकीच्या हाताला 'नको' म्हणता येत नाही.

कागदाचं मात्र १७व्या वर्षीच सुरू करा. मूल १८ चं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो पाहते. अपंगत्वाचं कार्ड आणि मुलाच्या नावचं बँक खातंही याच वर्षी उरका, पुढे संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला दोन्ही लागतात. या घरानं ते केलं, दोन हेलपाटे जास्त पडले.

यंदा वेचणीला आई परत गेली, रोजानं. मुलगा काकूकडे. परवा ती वही घेऊन आली. बाराव्या पानावर अक्षर वेगळं होतं, काकूचं: 'ट्रॅक्टरच्या आवाजाले भेते. पन बंद ट्रॅक्टरच्या शीटवर बसवलं का हासते.'

आईनं बोट ठेवून मला दाखवलं. "हे मले मालूम नोतं, मॅडम."