दुसरी ते चौथीच्या मुलांना संख्यांचे आणि आकारांचे आकृतिबंध कसे शिकवावेत?

तुम्ही विचारलंय की मुलं रिकाम्या चौकटीत पुढची आकृती बरोबर काढतात, पण ‘विसावी कोणती?’ किंवा ‘कशावरून?’ म्हटलं की गप्प होतात. माझ्या मते याचं मूळ आपल्या प्रश्नात असतं. ‘पुढे काय येईल?’ एवढंच विचारत राहिलं तर मूल शेवटच्या दोन आकृत्या बघून अंदाज बांधतं. नियम शोधायची त्याला गरजच पडत नाही. म्हणून अगदी दुसरीपासून आणखी तीन गोष्टी विचारा: कोणता भाग पुन्हा येतोय किंवा वाढतोय, मधलं झाकलेलं काय आहे, आणि लांबचं, म्हणजे विसावं, काय असेल.

सुरुवात पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतिबंधाने करा. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, मणी, काहीही चालेल. पण पहिले काही दिवस एकच गोष्ट बदलू द्या. आकार सारखा आणि रंग वेगळा, किंवा रंग सारखा आणि आकार वेगळा. दोन्ही एकदम बदलले की नक्की कशाकडे बघायचं तेच मुलाला कळत नाही. लाल-लाल-निळा हा तुकडा किमान तीन वेळा पूर्ण मांडा. एकदाच मांडला तर पुढे लाल येईल की निळा, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, तेव्हा मुलाचं ‘चुकलेलं’ उत्तर खरं तर चुकलेलं नसतं. प्रत्येक तुकड्यानंतर मुलांनाच एक काडी आडवी ठेवायला सांगा. ही काडी ज्यांना अचूक ठेवता येते त्यांना नियम दिसलेला असतो. बरीच मुलं लाल-लाल-निळा सुरू करून थोड्या वेळाने लाल-निळा-लाल-निळावर घसरतात, कारण एकाआड एकची सवय पक्की असते. अशा वेळी बरोबर उत्तर सांगू नका, फक्त काड्या ठेवायला लावा. मग तोच नियम टाळी-टाळी-चुटकीत आणि तोरणाच्या झेंडू-झेंडू-पानात करून घ्या. शेवटी विसावं झाकण विचारा. निळं झाकण ३, ६, ९ अशा जागी येतं, म्हणजे अठरावं निळं, एकोणिसावं आणि विसावं लाल. तिनाचा पाढा इथे कामाला येतो, आणि मुलांना तो स्वतःहून सापडला पाहिजे.

फिरणाऱ्या आकृत्या शिष्यवृत्तीच्या सरावात हमखास भेटतात. त्या फळ्यावर समजावण्यापेक्षा पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून एका कोपऱ्यात ठिपका द्या आणि हातात पाव-पाव वळवायला सांगा. ठिपका नसेल तर मुलं वळवणं आणि उलटवणं यांत गोंधळतात.

खरा कस लागतो तो वाढत्या आकृतिबंधात. यावर घाई करू नका, दोन-तीन तासिका द्या. खराट्याचे हीर ५-५ सेंटीमीटरचे कापून घ्या. एका गटाला ३४ तुकडे लागतात, कारण एका रांगेत एकाला एक जोडलेले १, २, ३ आणि ४ चौकोन अशा चार आकृत्या वेगवेगळ्या मांडायच्या आहेत आणि आधीची मोडायची नाही. आधीची मोडून पुढची केली तर तुलना करायला समोर काही उरत नाही. काड्या मोजा: ४, ७, १०, १३. आता विचारा, दहा चौकोनांना किती?

तीन चुकीची उत्तरं येतील आणि तिन्ही मोलाची आहेत. ४० म्हणणाऱ्याने दहा चोक चाळीस केलेत, सामाईक भिंत दोनदा मोजली आहे. ३० म्हणणाऱ्याने प्रत्येक चौकोनाला तीन धरले, पण सुरुवातीची उभी काडी विसरला. ३२ म्हणणाऱ्याने पाच चौकोनांच्या १६ काड्या दुप्पट केल्या. त्याला पाच-पाचच्या दोन रांगा करून एकमेकींना जोडायला सांगा. मध्ये दोन भिंती एकावर एक येतात, त्यातली एक काढावी लागते आणि ३१ उरतात.

बरोबर ३१ सांगणाऱ्यांनाही ‘कसं?’ विचारा. कुणी म्हणेल पहिल्या चौकोनाला ४ आणि पुढच्या नऊंना तीन-तीन. कुणी म्हणेल एक उभी काडी आणि मग दहा वेळा तीन. कुणी वरच्या १०, खालच्या १० आणि उभ्या ११ मोजेल. तिन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पुढे बीजगणितात याच रीती अक्षरांत येणार आहेत. चौकोन आणि काड्यांच्या आकड्यांचा तक्ता लवकर करू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. तक्ता दिसला की मूल खाली खाली ‘अधिक तीन’ करत जातं आणि ते तीन आकृतीत कुठे आहेत हे बघायचं सोडून देतं. पहिली उभी काडी लाल रंगवली तर ते तीन आपोआप वेगळे दिसतात.

संख्यामालिकेत नेहमीची अडचण म्हणजे तीनच संख्या देणं. २, ४, ८ नंतर १६ येऊ शकतात (दुप्पट) आणि १४ सुद्धा (फरक २, ४, ६). किमान चार संख्या द्या, आणि कारण पटलं तर वेगळं उत्तरही मान्य करा. दोन शेजारच्या संख्यांखाली कमान काढून फरक लिहायची सवय लावा. ३, ८, १३, १८ ला काही मुलं पाचाचा पाढा म्हणतात. पाढा नाही, पण उडी पाचाची आहे, हा भेद इथेच स्पष्ट करावा. ५२, ४५, ३८, ३१ अशा उतरत्या मालिकेत अडलेलं मूल पुष्कळदा हातच्याच्या वजाबाकीत अडलेलं असतं, नियम त्याला कळलेला असतो. त्याला शंभराचा तक्ता द्या.

त्याच तक्त्यात तिनाच्या पाढ्याच्या चौकटी रंगवल्या तर तिरक्या रांगा दिसतात. मग एका ओळीत १० ऐवजी ६ चौकटी घेऊन तक्ता पुन्हा लिहायला लावा. तिनाचा पाढा दोन सरळ उभ्या स्तंभांत येतो. असं का झालं, यावर चौथीची मुलं मनापासून भांडतात.

संख्या आणि आकार एकत्र आणणारा माझा सगळ्यात आवडता उपक्रम लोकरीचा. पुठ्ठ्यावर ८ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ कापा, कडेला ३६-३६ अंशांवर दहा खाचा करून ० ते ९ अंक द्या. दीड मीटर लोकर पुरते. टोक ० वर चिकटवा आणि तिनाच्या पाढ्याचे एकक अंक धरून लोकर ओढत न्या: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. दहा टोकांची चांदणी होते. साताचा पाढा तीच चांदणी उलट दिशेने काढतो. चाराचा आणि सहाचा पाच टोकांची चांदणी देतात, दोनाचा आणि आठाचा पंचकोन, पाचाची नुसती रेघ. मुलांनी खाचा मोजत जाऊ नये. लोकर आत्ता ज्या खाचेत आहे तीच ‘एक’ धरून मोजली की उडी एकाने कमी पडते आणि आकृती बिघडते. पाढा म्हणायचा आणि एकक अंकाच्या खाचेत लोकर अडकवायची.

चौथीला पुढचं काम म्हणून ठिपक्यांची रांगोळी द्या. एकाआड एक ठिपक्यांची ‘५ ते ३’ म्हणजे मधल्या ओळीत ५, वर आणि खाली ४ आणि ३, एकूण १९. ‘३ ते २’ मध्ये ७, ‘७ ते ४’ मध्ये ३७. म्हणजे ७, १९, ३७ आणि त्यांतले फरक १२ आणि १८. ‘९ ते ५’ मध्ये किती ठिपके येतील ते आधी सांगायला लावा, मग जमिनीवर काढून मोजू द्या. ६१ भरले पाहिजेत. कमी-जास्त भरले तर बहुतेक वेळा मधली ओळच दोनदा मोजलेली किंवा सुटलेली असते.