चोवीस लाखांचा प्लांट नंतर, आधी मिठाचं बिल काढा

भोसरीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४६, स्वतःचं झिंक प्लेटिंगचं (मालावर जस्ताचा थर चढवायचं) युनिट, प्रोप्रायटरशिप, ॲसिड झिंकची बॅरल लाइन (माल फिरत्या पिंपात भरून एकेका टाकीत बुडवतात), नट-बोल्ट आणि छोट्या ब्रॅकेटचं जॉबवर्क, १४ कामगार. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आलीय, सांडपाण्यात झिंक आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) जास्त. एका व्हेंडरने आरओ (पाणी गाळून परत वापरायचं मशीन) आणि इव्हॅपोरेटर (उरलेलं खारट पाणी आटवायचं मशीन) मिळून २४ लाखांचं कोटेशन दिलंय, वर सांगितलंय की महिन्याला लाखभर वाचतील, दोन वर्षांत पैसे वसूल. बँक ११.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी पैसे द्यायला तयार आहे, तारण म्हणून राहतं घर. त्यांचा प्रश्न एवढाच की लोन घ्यावं का एफडी मोडावी.

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. पण त्याआधी एक तातडीचं काम आहे, ते आज उद्यात उरका.

तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की लोन लवकर मंजूर व्हावं म्हणून बँकेतल्या माणसाच्या सांगण्यावरून अडीच लाख वार्षिक हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) घेतली आणि बाँड गेल्या आठवड्यात हातात आला. ती पॉलिसी परत करा. बाँड मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लुकची मुदत असते, तेवढ्यात लेखी कळवलं की किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात, अर्ज विमा कंपनीकडे द्या आणि पोच घ्या, बँकेतल्या त्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. लोनसाठी पॉलिसी घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही, आणि असल्या पॉलिसीत १५ वर्षांनी हातात पडतं ते साधारण ५ टक्क्यांच्या हिशेबाने, इकडे तुम्ही साडेअकरा टक्के व्याज भरणार! कव्हर किती तर २५ लाख, जेमतेम कर्जाएवढं. तब्येत धड असेल तर एक कोटीचा साधा टर्म प्लॅन तुमच्या वयाला वर्षाला ३० हजारांच्या आतबाहेर मिळतो. तो मात्र घ्या, आणि कर्जाचं वगैरे तो हातात आल्यावरच.

आता व्हेंडरच्या लाखाकडे येऊ. तुम्ही रोज २० हजार लिटर पाणी वापरता, एमआयडीसीचं बिल आणि टँकर मिळून महिन्याला ४० हजार जातात. ज्या गोष्टीवर ४० हजार जातात तिच्यात लाख कसे वाचणार? सगळं पाणी फुकट मिळालं तरी ४० हजारच वाचतील. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे ९० टक्के पाणी परत आलं तर ३६ हजार, आणि २४ लाखांचा हप्ता बसतो ५३ हजार. म्हणजे वीज, आरओचे मेम्ब्रेन (गाळायचे पडदे), ऑपरेटर काही न धरताच महिन्याला १७ हजार खिशातून. वीज धरली तर विचारूच नका. उरलेलं रोजचं २ हजार लिटर रिजेक्ट (आरओने मागे टाकलेलं खारट पाणी) इव्हॅपोरेटरमध्ये उडवायचं, साध्या सिंगल इफेक्ट (उष्णता एकदाच वापरणाऱ्या) मशीनला १००० लिटर उडवायला साडेसहाशे युनिटच्या आसपास ऊर्जा लागते, रोजचे १३०० युनिट, ९ रुपयांनी पावणेबारा हजार रुपये, २६ दिवसांचे तीन लाख. लाकूड-ब्रिकेटवर चालवून खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आणलात तरी महिन्याला लाख गेले. कोटेशनमध्ये रनिंग कॉस्टसमोर 'नगण्य' लिहिलंय म्हणता, तिथेच त्या माणसाशी बोलणं थांबवायला हवं होतं.

पण खरी गडबड प्लांटमध्ये नाहीये, ती तुमच्या लाइनवर आहे आणि तुमच्याच खरेदीच्या बिलात लिहिलेली आहे. केमिकलचं बिल महिन्याला १ लाख १० हजार, त्यात पोटॅशियम क्लोराइड आणि बोरिक ॲसिड मिळून २३ हजार. जरा विचार करा, बोल्टवर काय चढतं? झिंक चढतं, आणि ते ॲनोडमधून, म्हणजे टाकीत टांगलेल्या जस्तातून येतं. पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक मीठच, नुसता करंट वाहायला मदत करतं, बोरिक ॲसिड पीएच सांभाळतं, दोन्ही मालावर चढत नाहीत आणि प्लेटिंगमध्ये संपतही नाहीत. मग दर महिन्याला नव्याने का आणावी लागतात? कारण ती बॅरलबरोबर टाकीतून बाहेर जातायत आणि गटाराला लागतायत. वर्षाला पावणेतीन लाखांचं मीठ. मंडळाच्या रिपोर्टमधला टीडीएस बराचसा हाच आहे, म्हणजे आधी पैसे देऊन आणायचं, पाण्यात सोडायचं आणि मग तेच बाहेर काढायला २४ लाखांचं मशीन घ्यायचं. याच पाण्याबरोबर ब्राइटनर (चकाकी आणणारं केमिकल) आणि विरघळलेलं झिंकही जातं, ते झिंक तळाला बसवायला पुन्हा कॉस्टिक आणि चुना, त्याचा पुन्हा गाळ.

तुम्ही लिहिलंय की टाक्यांच्या कडांना पांढरा थर बसतो आणि दोन टाक्यांमधली फरशी सारखी धुवावी लागते. तो थर म्हणजेच ते मीठ. बॅरल वर उचललं की पोरं ठिबकत ठिबकतच पुढच्या रिन्सच्या (धुवायच्या) टाकीत नेतात, टार्गेटची घाई असते, त्यांचा दोष नाही, थांबा असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. बॅरल टाकीवरच २०-३० सेकंद धरायचं, एकदोन वेळा फिरवायचं, आतलं पाणी तिथल्या तिथे पडू द्यायचं. दोन टाक्यांमध्ये उतरती पीपीची (प्लास्टिकची) पट्टी टाकायची, म्हणजे ठिबकलेलं बाथमध्येच, प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणातच, परत जातं. प्लेटिंगच्या शेजारी एक साठवणीची टाकी ठेवायची, जिच्यात नळ चालू नाही, आणि बॅरल प्लेटिंगच्या आधी त्यात बुडवायचं आणि प्लेटिंगनंतरही त्यातच. आधी बुडवताना त्यातलं मीठ बाथमध्ये परत जातं, नंतर बुडवताना बाहेर आलेलं तिथेच राहतं, एवढ्यानेच बाहेर जाणाऱ्यातलं निम्म्याच्या आसपास परत मिळतं. तुमचा बाथ फारसा गरम नसतो, पाणी उडून जागा होत नाही, म्हणून हीच पद्धत तुम्हाला बरी.

हे जमलं की मगच पाण्याला हात लावा. क्रम उलटा करू नका. मीठ तेवढंच जात राहिलं आणि नुसता नळ बारीक केला तर टीडीएसचा आकडा उलट वाढेल आणि दुसरी नोटीस येईल. पाण्याचं गणित असं की एक लिटर द्रावण हजारपट पातळ करायला एकाच टाकीत १००० लिटर पाणी लागतं. तीच धुलाई दोन टाक्यांत विभागली, पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलट्या दिशेने पहिलीत आणलं, तर हिशेबाने ३२ लिटर पुरतं. प्रत्यक्षात एवढं भारी निघत नाही, पण तुमचं पाणी निम्मं होणं अवघड नाही.

या सगळ्याचा खर्च, टाक्या, पाइपिंग, पट्ट्या, एक कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं), दोन-अडीच लाख धरा. पाणी निम्मं झालं तर २० हजार, मीठ-बोरिक निम्म्यावर आलं तर ११ हजार, महिन्याला तीसेक हजार, म्हणजे आठ-नऊ महिन्यांत वसूल. ब्राइटनर आणि कॉस्टिकचं मी धरलेलंच नाही. पॉलिसीचे परत येणारे अडीच लाख इथेच लावा, एफडीला हात लावायची गरजच नाही.

पिवळ्या क्रोमेटची (झिंकला गंजापासून वाचवणाऱ्या थराची) एक टाकी अजून हेक्झाव्हॅलेंट, म्हणजे विषारी प्रकारच्या क्रोमवर चालू आहे म्हणता, एका जुन्या गिऱ्हाइकासाठी. त्या गिऱ्हाइकाशी बोला आणि कमी धोक्याच्या ट्रायव्हॅलेंट क्रोमवर या, किलोमागे थोडं महाग पडलं तरी. हेक्झाव्हॅलेंट क्रोमने कॅन्सर होतो, त्या टाकीशी उभा राहणारा माणूस तुमचाच आहे. शिवाय त्या पाण्यातलं क्रोम आधी ॲसिड आणि मेटाबायसल्फाइट घालून ट्रायव्हॅलेंटमध्ये बदलावं लागतं, मग चुना, म्हणजे एका केमिकलपायी आणखी तीन.

आता सगळ्यात काळजीची ओळ. 'गाळ एक टेम्पोवाला दोन हजारांत घेऊन जातो.' हे आजपासून बंद. प्लेटिंगचा गाळ घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा, पुण्याकडच्यांसाठी रांजणगावला ती सोय आहे, सोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) लागतं, साठवायचा तर ९० दिवस. टेम्पोवाल्याने तो कुठे ओढ्यात, कुणाच्या शेताच्या बांधावर टाकला तर जबाबदारी तुमची. तुम्ही प्रोप्रायटर, धंद्याचं देणं आणि घराचं देणं कायद्याने वेगळं नाही, आणि तेच घर तारण द्यायला निघालायत. नुसत्या सांडपाण्याचा हिशेब बघा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरपाईच्या सूत्रात रेड कॅटेगरीचे (सर्वाधिक प्रदूषणाच्या उद्योगांचे) ८०, गुणिले नेहमीचा दर २५०, छोट्या युनिटला अर्धं, पिंपरी-चिंचवडएवढ्या वस्तीला सव्वापट, साडेबारा हजार रुपये दिवसाला. शंभर दिवस भरले तर साडेबारा लाख, आणि गाळाचं ते वेगळंच. म्हणून नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, काय काय कधीपर्यंत करणार ते तारखांसकट लिहा, एखाद्या चांगल्या पर्यावरण सल्लागाराला पाच-दहा हजार देऊन उत्तर तयार करून घ्या.

तुमच्या कन्सेंटमध्ये (मंडळाच्या परवान्यात) झिरो डिस्चार्जची, म्हणजे सांडपाणी अजिबात बाहेर न सोडायची अट असेल तर प्लांट लागेलच, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) सुधारावा तर लागणारच आहे, पण तो २० हजार लिटरचा कशाला? तीन महिने लाइन सुधारा, रोजचं पाणी आणि महिन्याची मीठ-खरेदी वहीत लिहा, मग त्या आकड्यांवर दोन-तीन व्हेंडरकडून नवी कोटेशन मागा, वीज-इंधनाचा रोजचा खर्च त्यांच्याकडून लेखी घ्या. लघुउद्योगाच्या कर्जाला ठरावीक मर्यादेपर्यंत बँकेने तारण मागायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (ही मर्यादा बरीच वर्षं १० लाख होती, आत्ता किती ते विचारून घ्या), रक्कम तिच्या आत बसली तर घराचे कागद घरातच राहतील. कोटेशन आली की आकड्यांसकट मला पाठवा, हप्ता किती झेपेल ते तेव्हा बघू. पॉलिसीचा अर्ज मात्र उद्याच.