सुपरहिरो आला की आली?

मालवण तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातून विचारणा आली आहे. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं गावी उतरली की बालविभागात कॉमिक्सचं प्रदर्शन मांडायचं आहे. वंडर वुमन, सुपरगर्ल, कॅप्टन मार्व्हल यांच्या भिंतीवर पाटी कोणती रंगवावी, ‘सुपरहिरोईन’, ‘महानायिका’ की ‘वीरांगना’? आणि चित्राखाली ‘सुपरहिरो आली’ असं लिहिलं तर व्याकरण चुकतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. चुकत नाही. ‘डॉक्टर आली’, ‘वकील आली’, ‘मंत्री आल्या’ हे आपण रोज बोलतो. अशा नामांना स्वतःचं लिंग असलं तरी क्रियापद माणसाकडे बघून चालतं. दशावतार बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. स्त्रीपार्टी नट रंगमंचावर ‘मी येते’ म्हणतो, रंगपटात परतला की ‘मी येतो’. रूप भूमिकेचं असतं आणि पहाटेपर्यंत बसलेल्या प्रेक्षकांत कुणालाही ते खटकत नाही. ‘ही सुपरहिरो उडत आली’ हे तसंच सरळ मराठी आहे. बाई आहे हे ‘ही’ आणि ‘आली’ या दोन शब्दांनी सांगितलं, मग नामाला वेगळं शेपूट कशाला?

शेपटावरच माझा आक्षेप आहे. आपले स्त्रीवाचक प्रत्यय नुसतं लिंग सांगून थांबत नाहीत, बऱ्याचदा ती कुणाची ते सांगतात. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, खोतीण म्हणजे खोताची. डॉक्टरीण आणि मास्तरीण दोन्ही अर्थांनी चालतात, म्हणून संदर्भ नसेल तर फसवतात. कोळीण मात्र स्वतःच्या धंद्यावर उभी आहे. टोपली तिची, भाव तिचा. म्हणजे प्रत्यय मुळातच वाईट आहे असं नाही. तो लावल्यावर मराठी कानाला काय ऐकू येतं, ते प्रत्येक शब्दापाशी थांबून तपासावं लागतं.

‘हिरोईन’पाशी काय ऐकू येतं? ‘पिक्चरची हिरोईन कोण?’ या प्रश्नात हिरोसमोर कोण आहे, हे विचारलेलं असतं. ‘स्वतःला मोठी हिरोईन समजते’ हा टोमणा नटण्यामुरडण्यावर असतो. ‘सुपर’ जोडल्याने ही छटा धुऊन निघत नाही. मुलांच्या तोंडी ‘सुपरहिरोईन’ येतो, येऊ दे, तो अशुद्ध नाही. पाटीवर घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. सामान्यरूपात आणि अनेकवचनात ‘ई’ ऱ्हस्व होते, जमीन–जमिनीला तसं सुपरहिरोईन–सुपरहिरोइनीला, सुपरहिरोइनी. आणि पेंटरला शब्द तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. ‘हेरॉईन’ हे अमली पदार्थाचं नाव आहे आणि कानाला दोन्ही जवळचे लागतात.

‘महानायिका’ भारदस्त दिसतो, पण ‘नायिका’ हा शब्द मोठं गाठोडं पाठीवर घेऊन येतो. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिका बघा: वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. एक सजून वाट पाहते, एक भांडून पस्तावते, एकीचा नवरा परदेशी, एक स्वतःच भेटीला निघाली आहे. आठही जणींची व्याख्या नायकाशी असलेल्या नात्यावरून केलेली आहे. काव्यासाठी ती मांडणी सुंदर आहे. बांगड्यांवर गोळ्या परतवणाऱ्या वंडर वुमनला मात्र ती बसत नाही. शिवाय ‘महानायक’ म्हटलं की मराठी वाचकाला सुभाषबाबू तरी आठवतात, नाहीतर अमिताभ बच्चन. ‘महानायिका’ वाचून पोरं जुन्या नटीचा फोटो शोधतील.

‘वीरांगना’ इतिहासात घट्ट बसला आहे, झाशीच्या राणीला शोभतो. राजस्थानात तर युद्धात पती गमावलेल्या स्त्रीला वीरांगना म्हणतात, म्हणजे पुन्हा कुणाची तरी पत्नी. त्याहून मोठी भीती रंगाच्या ब्रशची. ‘वी’ची वेलांटी सुटून नुसता काना राहिला की शब्द ‘वारांगना’ होतो आणि वारांगना म्हणजे वेश्या. टंकलेखनातही हा घोटाळा होतो, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला तो सापडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

‘रणरागिणी’ वर्तमानपत्रांनी हंडामोर्चापासून कुस्तीपर्यंत सगळीकडे वापरून झिजवला आहे, आणि त्यात बाईच्या पराक्रमापेक्षा तिचा संतापच पुढे येतो. ‘अतिमानव’चं स्त्रीलिंग ‘अतिमानवी’ करायला गेलात तर ते आधीच विशेषण निघतं. ‘अतिमानवी ताकद’ ठीक, पण ‘अतिमानवी आली’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

मग देवीचं नाव? हा विचार कोकणात सुचणारच. इंद्रजाल कॉमिक्सने फँटमला मराठीत ‘वेताळ’ केलं आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या नव्या वहाणा वाहतात. जंगलात फिरून राखण करणाऱ्या मुखवटाधारी वीराला तेच नाव मिळालं, तेव्हा इथल्या मुलांना तो परका वाटला नसणार. पण वेताळ हे एकाच पात्राचं नाव होतं, तशा सगळ्या पात्रांचं नव्हे. सगळ्या जणींना मिळून ‘देवी’ किंवा ‘माऊली’ म्हटलं तर त्या पूजेच्या जागी जाऊन बसतात. सातेरी या ग्रामदेवीचा निर्णय चुकला असं कुणी म्हणेल का? कॉमिक्समधल्या बाईचा निर्णय चुकायला हवा, तिने हरायला हवं, पुढच्या अंकात परत उभं राहायला हवं.

आपल्याकडे एक नाव खरोखर तशा सगळ्या जणींचं झालं, त्याचं पुढे काय झालं तेही पाहा. १९३५ मध्ये मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ हा चित्रपट आला. मुखवटा, चाबूक, घोडा आणि अन्यायाचा सूड, म्हणजे छापील वंडर वुमनच्या सहा वर्षं आधी. त्यातल्या नादिया या नटीचं काम लोकांनी डोक्यावर घेतलं. आज मराठीत ‘हंटरवाली’ म्हणजे कडक शिस्तीची बाई, आणि शब्द बहुतेक तिच्या पाठीमागे उच्चारला जातो.

तेव्हा पाटीवर सरळ ‘सुपरहिरो’ लिहा, एकत्र, मध्ये जागा न सोडता. भिंत फक्त स्त्रियांची आहे हे सांगायचं असेल तर ‘स्त्री-सुपरहिरो’. ‘लेडी सुपरहिरो’ नको. ‘लेडी डॉक्टर’सारखंच त्यात खरा सुपरहिरो पुरुषच, ही दुसरी, असं वाटतं.

आता चित्रांखालच्या ओळी. चुका तिथेच जास्त होतात.

वंडर वुमनखाली ‘पहिली सुपरहिरो’ लिहू नका. ती ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात आली, अंकावर डिसेंबर १९४१–जानेवारी १९४२ छापलं आहे. अद्भुत शक्तीची फँटोमा १९४० मध्येच आली होती आणि टार्पे मिल्स या चित्रकर्तीची मिस फ्युरी एप्रिल १९४१ मध्ये. मराठीत ‘पहिली’ हे विशेषणच स्त्रीलिंगी असल्याने ‘स्त्रियांमध्ये पहिली’ हा अर्थ आपोआप निघतो, म्हणून चूकही ठळक दिसते.

१९४२ मध्ये वंडर वुमनला जस्टिस सोसायटी या वीरांच्या मंडळात घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. इथे ‘चिटणीस’ लिहिलंत तर अर्थ उलटा होईल. आपल्या गावच्या मंडळात चिटणीस म्हणजे कारभार हाकणारा माणूस, त्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. ती मात्र पुरुष मोहिमेवर गेले की मागे राहून टिपणं ठेवायची. ‘बैठकीची टिपणं लिहिण्याचं काम दिलं’ असं लिहा, मुलांना अन्याय बरोबर कळेल.

फँटास्टिक फोर या चौघांच्या चमूतली सू १९६१ मध्ये ‘इन्व्हिजिबल गर्ल’ होती, ‘वुमन’ व्हायला १९८५ उजाडलं. मराठीत ‘अदृश्य मुलगी’ आणि ‘अदृश्य स्त्री’ असा फरक नेमका उतरतो, कारण मोठ्या बाईलाही ‘मुलगी’ म्हणण्याची सवय आपल्याला आहेच, ‘मुलगी बघायला’ आपण जातोच.

आजची कॅप्टन मार्व्हल म्हणजे कॅरल डॅनव्हर्स, तिच्या १९७७ च्या ‘मिझ मार्व्हल’ या नावाला ‘मिस’ लिहू नका. ‘मिझ’ हे संबोधन निघालं तेच लग्न झालंय की नाही हे सांगावं लागू नये म्हणून. ‘श्रीमती’ तर त्याहून नको. कायद्याने काही असो, आपल्या लग्नपत्रिकेत सवाष्णीला ‘सौ.’ लागतं आणि ‘श्रीमती’ वाचून लोक ती विधवा समजतात. ‘मिझ’च ठेवा. २०१२ पासून ती कॅप्टन आहे, आणि ‘कॅप्टन आली’ म्हणताना अडखळायला होत नाही. २०१४ पासून ‘मिझ मार्व्हल’ म्हणजे कमला खान ही दुसरीच सुपरहिरो.

मुलांकडून फुग्यांतले संवाद मराठीत करून घेणार असाल तर एक युक्ती फार उपयोगी पडेल. मुखवट्याआड बाई आहे हे शेवटपर्यंत झाकायचं असेल तर ‘मी येते’, ‘मी जाते’ टाळा, वर्तमानकाळ लगेच फोडतो. भविष्यकाळ वापरा: ‘मी येईन’, ‘मी तुला वाचवीन’. कर्म असलेला भूतकाळही चालतो: ‘मी दार तोडलं’, इथे क्रियापद दाराकडे बघतं. ‘मला कळलं’ हेही निर्धोक. हिंदीला भविष्यकाळात ही सोय नाही, तिथे ‘आऊँगा’ की ‘आऊँगी’ ठरवावंच लागतं. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या व्हिडिओ गेममध्ये चिलखतातली सामस बाई आहे हे शेवटी कळतं, आणि ते लपवायला इंग्रजी माहितीपुस्तिकेने तिच्यासाठी चक्क पुल्लिंगी सर्वनाम छापलं होतं. मराठीत खोटं न लिहिता तेवढंच लपवता आलं असतं.

आणि ‘पुरुषांनाही लाजवेल असा पराक्रम’, ‘बाई असूनही’, ‘मर्दानी’ हे तीन प्रयोग एकाही चित्राखाली येऊ देऊ नका. पेंटरला पाठवायची ओळ अशी चालेल: ‘वंडर वुमन. सुपरहिरो. १९४१ च्या अखेरीस आली, अजून लढते आहे.’