बागप्रश्न : हिरवे पडलेले क्रोटन आणि इतर तक्रारी

प्रश्न : दिवाळीत रोपवाटिकेतून क्रोटनचे रोप आणले, तेव्हा त्याची पाने लाल, पिवळी आणि केशरी होती. ठाण्यातील आमच्या सदनिकेत बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवल्यावर आठवडाभरातच खालची पाने गळू लागली आणि आता येणारी नवी पाने जवळजवळ हिरवीच असतात. खत घातले, पाणी वाढवले, तरी फरक पडला नाही. काय चुकते आहे?

उत्तर : चुकली आहे ती जागा. क्रोटन हे मलेशिया-इंडोनेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतच्या उष्ण प्रदेशातले झुडूप असून आपल्याकडे ते वर्षानुवर्षे अंगणात आणि कुंपणाला लावले जात आले आहे. त्याला ‘घरात ठेवायचे झाड’ ही पदवी दुकानदारांनी दिली. पानातले लाल रंगद्रव्य बऱ्याच अंशी प्रखर उन्हापासून संरक्षण म्हणून तयार होते. उजेड कमी झाला की त्या संरक्षणाची गरज उरत नाही आणि मिळेल तो प्रकाश टिपण्यासाठी झाड हरितद्रव्य वाढवते, म्हणून नवे पान हिरवे येते. आपले डोळे कमी उजेडाला चटकन सरावतात, त्यामुळे खिडकीपासून दोन-अडीच मीटर आत उजेड किती घटतो हे आपल्याला कळत नाही; झाडाला मात्र ते पहिल्या दिवशीच कळते, आणि खालची पाने गाळून ते आपला खर्च कमी करते.

एक साधी परीक्षा करून पाहावी. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड रेखीव उमटली तर तेथे क्रोटन रंग धरेल. सावली पुसट असेल तर तेथे हिरव्या-रुपेरी पानांचे अ‍ॅग्लोनिमा ठेवावे (लाल पानांच्या अ‍ॅग्लोनिमाला याहून अधिक उजेड लागतो). आणि सावली पडतच नसेल तर ती जागा फुलदाणीसाठी राखावी. ही परीक्षा वर्षातून दोनदा करावी, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ठाण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि दिवाळीनंतर तो दक्षिणेकडे बराच कलतो. दक्षिणेच्या ज्या खिडकीतून डिसेंबरात फरशीवर ऊन येते, तीच खिडकी मे महिन्यात उन्हावाचून असते.

आपले रोप पूर्वेच्या खिडकीत किंवा गॅलरीत हलवावे, पण एकदम कडक उन्हात ठेवू नये. सावलीला सरावलेल्या पानांवर पांढुरके, भाजल्यासारखे डाग पडतात. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू उजेड वाढवावा. हिरवी पडलेली पाने पूर्ववत रंगतील अशी अपेक्षा ठेवू नये. रंग दिसेल तो पुढे येणाऱ्या पानांवर, आणि अनेक जातींत पान जून होत जाईल तसा तो गडद होतो.

पाणी वाढवण्याचा उपाय मात्र तातडीने थांबवावा. कमी पानांचे आणि कमी उजेडातले झाड पाणीही कमीच पिते. त्यातून रोपवाटिकेत येणारी अनेक रोपे आंध्र प्रदेशातील कडियमसारख्या ठिकाणांहून आलेली असतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. माझ्या एका क्रोटनला मी महिनाभर नेमाने पाणी घालत होते, ते बशीत उतरतही होते. अखेरीस कुंडी उलटी केली तेव्हा दिसले की पाणी गोळ्याच्या आणि कुंडीच्या मधल्या फटीतून वाहून जात होते आणि गोळा आतून विटेसारखा कोरडा होता. आपल्या कुंडीत याच्या उलट, म्हणजे गोळा भिजून चिखल झालेला असण्याचाही संभव आहे, म्हणून बोट दोन पेरे आत घालून पाहावे आणि तेथे माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. नवी पाने धरू लागल्यावर गोळा हलक्या हाताने मोकळा करून माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू यांच्या मिश्रणात रोप लावावे. खत तोपर्यंत नको. क्रोटन एरंडाच्या कुळातले आहे. फांदी मोडल्यास निघणारा चीक हाताला लागू देऊ नये.

प्रश्न : कॅलॅथियाच्या पानांच्या कडा करपून तपकिरी होतात. आम्ही पुण्यात राहतो, बोअरचे पाणी रात्रभर भरून ठेवून मगच घालतो आणि रोज पानांवर फवाराही मारतो.

उत्तर : पाणी रात्रभर ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, क्षार मात्र तसेच राहतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरट पापुद्रा दिसत असेल, तर कडा करपण्याचे कारण बहुधा तेथेच आहे. शक्य तेव्हा पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी घालावे. आरओ यंत्रातून बाजूला जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते झाडांना घालतात, पण त्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात आणि कॅलॅथियाला ते मुळीच चालत नाही. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन कुंडीच्या तिप्पट-चौपट चांगले पाणी तिच्यातून सावकाश वाहू द्यावे.

दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत, दमट हवेत वाढणारी ही वनस्पती पुण्याच्या फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत त्रासणारच. फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो आणि बोअरचे पाणी पानांवर डाग मात्र ठेवून जाते. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या जवळजवळ मांडाव्यात आणि पंख्याच्या किंवा एसीच्या झोतापासून दूर ठेवाव्यात. पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळी दिसल्यास ती लाल कोळी या बारीक किडीची असते. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसाव्यात आणि दर चार-पाच दिवसांनी पुन्हा पुसाव्यात. संध्याकाळी पाने वर मिटतात, त्याची मात्र काळजी करू नये. देठ आणि पान यांच्या सांध्यावरचा फुगीर भाग ती हालचाल घडवून आणतो.

प्रश्न : पावसाळ्यात भरगच्च वाढलेले गुलाबी कॅलेडियम डिसेंबरात पूर्ण वाळले. टाकून द्यावे का?

उत्तर : टाकू नये. ते अळूच्या कुळातले असून जमिनीखालच्या कंदात विसावले आहे. पाणी बंद करून कुंडी कोरड्या, उबदार कोपऱ्यात ठेवावी. एप्रिलमध्ये कंद उकरून पाहावा. दाबल्यावर घट्ट लागला तर नव्या मातीत चार-पाच सेंटिमीटर खोल लावावा आणि कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे. घरात रांगते मूल किंवा मांजर असल्यास कुंडी उंचावर ठेवावी, कारण याच्या पानात अळूसारखेच खाजरे स्फटिक असतात. डिफेनबेकिया आणि अ‍ॅग्लोनिमा यांनाही हेच लागू आहे.