आजी-आजोबांच्या तोंडचा असा कोणता शब्द आहे, जो आता ऐकू येत नाही?

माझ्यासाठी 'सोया आना'.

आमच्या अमळनेरच्या घरात आजी माणसं आण्यांत मोजायची. कापसाचा व्यापारी ओसरीवरून उठून गेला की आजोबा तिच्याकडे बघायचे. ती एवढंच म्हणायची, "मानूस बारा आना शे." म्हणजे बोलायला बरा, पण माल उधारीवर सोडू नका. अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, ळ चा य होतो, म्हणून सोळा आण्यांचा, पूर्ण भरवशाचा माणूस 'सोया आना'. आत्याचं लग्न याच शब्दांवर ठरलं. मुलगा बघून आल्यावर घरातले पुरुष त्याची शेती, विहीर, भाऊबंद यांवर बोलत बसले होते. आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, म्हणाली, "पोऱ्या सोया आना शे, आंडेर दी टाका." आंडेर म्हणजे मुलगी. पुढं कुणी काही बोललं नाही.

नव्या पिढीसाठी हिशोब सांगतो. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. २ आण्यांची चवली, ४ आण्यांची पावली, ८ आण्यांची अधेली. डोक्यानं जरा कमी असलेला 'पावली कम'. गुटगुटीत पोर 'ढब्बू', तेही जुन्या जाड तांब्याच्या पैशावरून.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पावलीचे बरोबर २५, अधेलीचे ५०, बारा आण्यांचे ७५, म्हणून चार आणे, आठ आणे, बारा आणे माझ्या लहानपणीही दुकानात चालत. चवलीचे मात्र साडेबारा पैसे व्हायचे, ती बिचारी कुठेच बसेना. माझ्या कानांवर ती फक्त 'चवली-पावली' अशी जोडीनंच आली. पुढे जून २०११ अखेर २५ पैशांचं नाणंही चलनातून गेलं.

आता सगळे 'शंभर टक्के' म्हणतात. सिनेमा शंभर टक्के, चहासुद्धा शंभर टक्के. आजी सोया आना सहजासहजी कुणाला द्यायची नाही. तिच्या तोंडून मी तो चार-पाच जणांसाठीच ऐकला असेल, आणि सख्खा भाऊ त्यात नव्हता.

आत्याचे यजमान गेले तेव्हा मी चोपड्याला गेलो होतो. आत्या भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं माझा हात धरून म्हणाली, "माय खरं बोलनी व्हती. सोया आना व्हता मानूस."