सोनं मोडू नका, आधी अक्षरं मोजू द्या

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६४ टक्के. गणिताची भीती वाटते. बायोइन्फर्मॅटिक्समध्ये गणित नसतं आणि पगार आयटीसारखा, असं कळलं. सहा महिन्यांच्या कोर्सची फी ९० हजार. थोडं सोनं मोडू. ती आम्ही म्हणू ते करील. प्रवेश घ्यावा का? – एक पालक, कराड

उत्तर : नको. आणि कारण ६४ टक्के हे नाही. 'ती आम्ही म्हणू ते करील' हे वाक्य मला जास्त खटकलं. बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे डीएनएसारखी जीवशास्त्रातली माहिती संगणकावर तपासणं. या कामात प्रोग्रामच्या एकेका एररपुढे दोन-दोन तास डोकं धरून बसावं लागतं. वडिलांच्या शब्दाखातर बसलेलं माणूस तिथे फार दिवस टिकत नाही. शिवाय घरातलं सोनं मोडलं, की 'मला हे नको' म्हणायची सोयही तिला उरणार नाही.

गणित नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? ब्लास्ट या जुळणारे क्रम शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये डीएनएच्या अक्षरांचा क्रम टाकला की प्रत्येक जुळणीसोबत ई-व्हॅल्यू हा आकडा येतो. इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा सापडेल, याचा तो अंदाज. तीच जुळणी मोठ्या डेटाबेसात शोधली की ई-व्हॅल्यू वाढते. हे का होतं ते कळत नसेल, तर ती फक्त बटणं दाबतेय. सुरुवातीला संभाव्यता आणि प्राथमिक संख्याशास्त्र पुरतं, पण तेवढं हवंच.

तिला पंधरा दिवस द्या. घरचा जुना लॅपटॉप चालेल, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल या विंडोजच्याच सोयीनं त्यात लिनक्स ही कार्यप्रणाली घालता येते. एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संकेतस्थळावरून ई. कोलाय या जिवाणूच्या के-१२ एमजी१६५५ या वाणाचा जीनोम (सगळा डीएनए), क्रमांक एनसी_०००९१३.३, फास्टा स्वरूपात उतरवायचा, म्हणजे वर शीर्षकाची ओळ आणि खाली नुसती अक्षरं. रोझालिंड या मोफत संकेतस्थळावरचा पहिलाच प्रश्न डीएनएची ए, सी, जी, टी ही चार अक्षरं मोजण्याचा आहे. तो पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सोडवून तोच प्रोग्राम या फाइलवर चालवायचा. चौघांची बेरीज ४६,४१,६५२ यायला हवी. दोन जास्त आली, तर पहिल्या ओळीतल्या 'एनसी'चा सी आणि 'एमजी'चा जी मोजला गेलाय. शीर्षकाची ओळ '>' या चिन्हानं सुरू होते. ती ग्रेप या शोधायच्या कमांडनं शोधताना '>' अवतरणात ठेवायचं. नाहीतर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, ते आउटपुट फाइलमध्ये लिहायचं चिन्ह समजतो आणि फाइल रिकामी होते. एकदा तरी हे होतंच, म्हणून प्रत ठेवा.

पुढे गॅलक्सी या संकेतस्थळाची ट्यूटोरियल्स, ईएमबीएल-ईबीआय या युरोपातल्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स, एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं. शिकायला पैसे लागत नाहीत. एम.एस्सी.साठी जॅम, गॅट-बी या प्रवेशपरीक्षा आणि पुणे विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया पाहा.

पंधरा दिवसांनी उत्तर बरोबर आलं का, हे विचारू नका. दुसरा प्रश्न उघडला का, ते विचारा. नसेल उघडला, तर अन्नतपासणी आणि पाणीतपासणीच्या प्रयोगशाळांना मायक्रोबायोलॉजीची मुलं लागतात. तिकडे अर्ज करायचा का, हेही तिलाच ठरवू द्या.